चिकूचा चीक, झडलेले कान आणि जंगलातली वाळूमाशी

डहाणू-घोलवडचा चिकू आपल्या इतक्या अंगवळणी पडलाय की तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, हे सांगून पटत नाही. तिकडे मेक्सिकोच्या युकातान भागात, ग्वाटेमालाच्या पेतेनमध्ये आणि बेलिझमध्ये चिकूची झाडं जंगलात आपोआप वाढतात. आपल्या वाडीतल्यासारखी बुटकी नाहीत, तीस-तीस मीटर उंच. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात या झाडांना जी किंमत होती ती फळांमुळे नव्हती, चिकामुळे होती. खोडाला खाच मारली की पांढरा चीक गळतो. तो उकळून आटवला की चिवट वडी तयार होते, तिला तिकडे चिकले म्हणतात. कृत्रिम पदार्थ बाजारात येईपर्यंत जगभरातलं च्युइंग गम यापासूनच बनायचं.

हा चीक गोळा करणारे मजूर म्हणजे चिकलेरो. चीक पावसाळ्यातच नीट वाहतो. त्यामुळे पावसाच्या आणि त्यानंतरच्या महिन्यांत ही माणसं भर जंगलात तळ ठोकून राहायची. कमरेला दोर बांधून झाडावर चढायचं, कोयत्याने खोडावर नागमोडी खाचा पाडत जायचं, रात्री झावळ्यांच्या खोपटात झोपायचं. हंगाम संपवून बाहेर आलेल्यांपैकी अनेकांच्या कानाच्या वरच्या कडेला एक फोड असायचा. दुखायचा नाही, पण भरायचाही नाही. अंगावर इतरत्र झालेली अशी जखम काही महिन्यांत आपली आपण बुजायची. कानावरची मात्र वर्षानुवर्षं रेंगाळायची आणि हळूहळू कूर्चा खात जायची. कानाचा वरचा भाग झडलेला माणूस दिसला की तो चिकलेरो, हे तिकडे कोणीही ओळखायचं. १९१२ मध्ये हॅराल्ड सीडेलिन या डॉक्टरने युकातानमधल्या या रोगाचं वर्णन लिहिलं, तेव्हापासून वैद्यकाच्या पुस्तकांत त्याचं नाव ‘चिकलेरोचा व्रण’ असंच आहे.

हा व्रण म्हणजे लेशमॅनियासिसचा एक प्रकार. लेशमॅनिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो आणि हा परजीवी वाळूमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरतो. शाळेच्या पुस्तकात एवढं वाक्य पुरेल. पण या वाक्यात माशी आरोपी ठरते, माणूस बळी ठरतो आणि खरी गोष्ट निसटते. उष्ण कटिबंधातल्या जंगलात या परजीवीला माणसाची गरजच नसते. त्याचं सगळं माशी आणि रानातले प्राणी यांच्यात भागतं, आणि ते माणूस तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. चिकलेरोचा कान मध्ये आला, इतकंच. हे एकदा ध्यानात घेतलं की हा रोग कुठे आटोक्यात येतो, कुठे येत नाही आणि जंगल तोडून तो का जात नाही, ही सगळी कोडी बऱ्यापैकी सुटतात.

आधी माशीकडे बघू. वाळूमाशी दोन ते तीन मिलिमीटर लांबीची, म्हणजे डासाच्या साधारण एक तृतीयांश. अंगभर बारीक केस, रंग मातकट. बसली की पंख मिटून घेत नाही, इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे धरते. ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. डासासारखी कानाशी गुणगुणत नाही, त्यामुळे ती आल्याचा पत्ता लागत नाही. उडण्यात अगदीच लेचीपेची आहे. जरा वारा सुटला की उडणंच बंद, एरवीही सलग झेपावण्यापेक्षा टुणटुण उड्या मारत पुढे सरकते. जन्मली त्या जागेपासून सहसा काही शे मीटरच्या पलीकडे जात नाही. नर-मादी दोघांचं पोट झाडांच्या गोड रसावर भरतं. रक्त फक्त मादीला लागतं, तेही अंडी पिकवण्यापुरतं.

डासांशी तिची तुलना करताना एक मोठा फरक विसरला जातो. डासाच्या अळ्या पाण्यात वाढतात, म्हणून साचलेलं पाणी काढून टाका, गप्पी मासे सोडा, असले उपाय चालतात. वाळूमाशीच्या अळ्या पाण्यात नसतातच. ओलसर माती, कुजलेला पाचोळा, बिळं, झाडांच्या ढोल्या, भिंतींच्या भेगा, गोठ्यातली शेणमाती अशा ठिकाणी ती अंडी घालते आणि अळ्या तिथलाच कुजका भाग खाऊन वाढतात. अंड्यापासून माशी व्हायला साधारण एक ते दोन महिने लागतात. जंगलात या अळ्या शोधणं हे कीटकशास्त्रज्ञांचं जुनं दुखणं आहे. एका माणसाला एका संध्याकाळी शेकडो माश्या चावतील, पण त्या जन्मल्या कुठे ते शोधायला पोतीच्या पोती माती चाळूनही हाताला चारदोन अळ्या लागतात. जिथे जन्मस्थानच सापडत नाही तिथे जन्म रोखण्याची भाषा करण्यात अर्थ नाही.

जगात वाळूमाशीच्या सुमारे हजार जाती नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या नव्वदेक जाती लेशमॅनिया वाहून नेतात. आपल्याकडच्या, म्हणजे आशिया, आफ्रिका आणि युरोपातल्या वाहक माश्या फ्लेबोटोमस या गटातल्या. अमेरिका खंडातल्या लुत्झोमिया या गटातल्या. हे नाव ब्राझीलचे शास्त्रज्ञ आदोल्फो लुत्झ यांच्यावरून पडलं. जाती ओळखण्याचं काम मात्र भलतंच किचकट. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. माशी काचपट्टीवर घेऊन मादीच्या पोटातली वीर्य साठवायची पिशवी आणि नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात, तेव्हा कुठे नाव सांगता येतं.

आता चावा. डासाची सोंड सुईसारखी बारीक रक्तवाहिनीत शिरते. वाळूमाशीचं काम इतकं नाजूक नाही. तिच्या आखूड सोंडेत दातेरी पाती असतात. ती कातडी कापते, खालच्या केशवाहिन्या फाडते आणि जमलेलं रक्ताचं थारोळं पिते. रक्त गोठू नये, वाहिन्या रुंदावाव्यात म्हणून लाळ सोडत राहते. ब्राझीलमधल्या एका जातीच्या लाळेत मॅक्सॅडिलान नावाचं प्रथिन सापडलं, ते रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या आजवर माहीत असलेल्या सगळ्यात प्रभावी पदार्थांपैकी एक आहे. ही लाळ परजीवीच्याही पथ्यावर पडते. १९८८ मध्ये रिचर्ड टायटस आणि जोझे रिबेइरो यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर दाखवून दिलं की परजीवी नुसते टोचले तर जितका रोग होतो त्यापेक्षा माशीच्या लाळेबरोबर टोचले तर जास्त होतो. चाव्याच्या जागी शरीराचा पहारा ही लाळ काही काळ ढिला पाडते.

माशीच्या पोटात काय घडतं ते तर याहून नवलाचं आहे. रोगी प्राण्याच्या रक्ताबरोबर काही पेशी माशीच्या आतड्यात जातात आणि त्या पेशींच्या आत गोल, शेपटी नसलेले परजीवी असतात. माशीच्या पोटात येताच ते रूप बदलतात. लांबट होतात, त्यांना वळवळणारी शेपटी फुटते. प्यालेल्या रक्ताभोवती माशीचं शरीर एक पातळ पिशवी तयार करतं आणि पहिले काही दिवस परजीवी तिच्यात अडकलेले असतात. पिशवी फुटली की पचलेल्या रक्ताबरोबर बाहेर फेकले जाण्याचा धोका असतो. म्हणून ते आतड्याच्या भिंतीला घट्ट चिकटतात. हे चिकटणं त्यांच्या अंगावरच्या साखरेच्या रेणूंवर अवलंबून असतं, आणि माशीच्या काही जातींच्या आतड्याला विशिष्ट परजीवीच चिकटू शकतात. चुकीच्या माशीत गेलेला लेशमॅनिया तिथेच संपतो. हजार जातींपैकी मोजक्याच वाहक का, याचं बरंचसं उत्तर या चिकटण्यात आहे.

जे टिकतात ते वाढत वाढत माशीच्या घशाकडे सरकतात. तिथे ते एक चिकट जेलीसारखा पदार्थ सोडतात आणि अन्ननलिकेच्या झडपेचीही नासधूस करतात. घसा असा चोंदला की माशीला रक्त ओढता येत नाही. ती चावते, जमत नाही, जागा बदलून पुन्हा चावते, आणि दर वेळी रक्त आत ओढायच्या धडपडीत घशातली जेली परजीवींसकट जखमेत ओकते. रोग्याला चावल्यापासून आठवडा-दोन आठवड्यांत ती या अवस्थेला पोचते. परजीवीने माशीला उपाशी ठेवलं म्हणून ती जास्त जणांना चावली, आणि जास्त जणांना चावली म्हणून परजीवीचा प्रसार झाला. यात माशीचा काही फायदा नाही, तीही एका अर्थाने आजारीच असते.

घसा चोंदण्याची ही गोष्ट उलगडण्यात भारताचा मोठा हात आहे, आणि त्यात मनुकांचाही. १९२४ मध्ये कलकत्त्याच्या नोल्स, नेपियर आणि स्मिथ या संशोधकांनी फ्लेबोटोमस अर्जेन्टिपस या माशीत काळ्या आजाराचे, म्हणजे लेशमॅनियासिसच्या प्लीहा-यकृतापर्यंत जाणाऱ्या प्रकाराचे, परजीवी वाढतात हे पाहिलं होतं. पण माशी चावल्याने रोग होतो हे सिद्ध करायला जवळपास दोन दशकं गेली. प्रयोगशाळेतल्या माश्या पहिल्या रक्तानंतर दुसऱ्यांदा चावण्याआधीच मरून जायच्या किंवा त्यांच्यातले परजीवी पुरेसे वाढायचे नाहीत. १९४० च्या सुमारास स्मिथ यांनी माश्यांना एकदा रक्त दिल्यावर पुढे रक्ताऐवजी मनुका चोखायला दिल्या. त्या जगल्या, परजीवी भरपूर वाढले, घसे चोंदले. नंतर आसाममध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी अशाच माश्या स्वयंसेवकांना चावू दिल्या आणि १९४२ मध्ये निकाल छापला: रोग चाव्यातूनच होतो. आजच्या नैतिकतेच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही, हेही सांगायला हवं.

माणसाच्या कातडीत उतरल्यावर परजीवी जे करतो त्याला धाडसच म्हणावं लागेल. जखम झाली की जंतू गिळायला पांढऱ्या पेशी धावतात. बहुतेक जंतू अशा पेशीच्या पोटात गेले की तिथल्या आम्लात आणि विकरांत विरघळतात. लेशमॅनिया मुद्दाम गिळलं जाऊ देतो. पेशीच्या पोटात तो शेपटी टाकतो, पुन्हा गोल होतो आणि जिथे मरायला हवं तिथेच पिल्लावळ वाढवतो. पेशी फुटते, शेजारची पेशी पुढची खेप गिळते. चाव्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तिथे एक गाठ येते, मग तिचं तोंड उघडतं आणि उंच कडांचा, मध्ये खोलगट, सहसा न दुखणारा व्रण तयार होतो. चिकलेरोच्या रोगाला कारण असलेल्या लेशमॅनिया मेक्सिकाना या जातीला शरीराच्या आतली ऊब मानवत नाही, थोडी थंड कातडीच लागते. कान उघडा असतो, थंड असतो आणि त्याच्या कूर्चेत रक्तपुरवठा बेताचा, म्हणजे पहारेकरीही कमी.

आता मुख्य प्रश्नाकडे. माणूस नसताना हा परजीवी राहतो कुठे? याचा शोध घेणाऱ्यांत राल्फ लेनसन हे नाव पहिलं घ्यावं लागतं. १९५९ पासून ते आणि जॉन स्ट्रँग्वेज-डिक्सन बेलिझमध्ये, तेव्हाच्या ब्रिटिश होंडुरासमध्ये, जंगलातले उंदीर पकडून तपासत होते. उंदरांच्या शेपटीवर त्यांना बारीक गाठी दिसल्या आणि त्या गाठींत परजीवी. उंदीर मात्र ठणठणीत. पुढे हेन्री डिझ्नी यांनी त्याच जंगलात एक सापळा वापरला: मध्ये पिंजऱ्यात जिवंत उंदीर आणि भोवती एरंडेल तेल फासलेला पत्र्याचा ट्रे. उंदराचं रक्त प्यायला आलेल्या माश्या तेलात चिकटायच्या. त्यातून लुत्झोमिया ओल्मेका ही माशी हाती लागली. ती जमिनीलगतच वावरते, उंदरांना चावते आणि माणूस वाटेत आला तर त्यालाही.

लेनसन नंतर ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात गेले आणि जेफ्री शॉ यांच्यासह अनेक वर्षं काम करत राहिले. त्यांच्या आणि इतरांच्या कामातून जे चित्र उभं राहिलं ते असं, की उष्ण कटिबंधातलं जंगल एखाद्या चाळीसारखं आहे: प्रत्येक मजल्यावर वेगळी बिऱ्हाडं, वेगळी माशी, वेगळा परजीवी, आणि एका मजल्यावरचे दुसऱ्या मजल्यावरच्यांशी फारसा संबंध ठेवत नाहीत.

तळमजल्यावर उंदीर आणि लुत्झोमिया फ्लाव्हिस्कुटेलाटासारख्या जमिनीलगत उडणाऱ्या माश्या. या माशीला माणसात फारसा रस नाही, त्यामुळे तिने वाहिलेला लेशमॅनिया ॲमेझोनेन्सिस उंदरांत भरपूर असूनही माणसांत क्वचित आढळतो. सगळ्यात वर, तीस-चाळीस मीटरवरच्या पानोऱ्यात, वेगळीच मंडळी. फ्रेंच गयाना आणि ॲमेझॉनच्या उत्तरेकडच्या जंगलात लुत्झोमिया अम्ब्राटिलिस ही माशी रात्री वर झाडांत लटकणाऱ्या दोन बोटांच्या स्लॉथचं रक्त पिते. स्लॉथ म्हणजे तो अतिमंद गतीने हलणारा, दिवसाचा बराच वेळ लोंबकळून काढणारा प्राणी. लेशमॅनिया गयानेन्सिस हा परजीवी त्याच्या अंगात असतो आणि त्याला काही होत नाही. पनामातही १९६० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांना स्लॉथमध्येच लेशमॅनिया सापडला.

मग वरच्या मजल्यावरचा रोग जमिनीवरच्या माणसाला कसा? उत्तर सकाळच्या वेळेत आहे. अम्ब्राटिलिस दिवसा विश्रांतीला मोठ्या झाडांच्या बुंध्यांवर उतरते. लाकूडतोड्या झाडाला टेकतो, कोणी मोजणीसाठी खोडाला हात लावतो, की त्या माश्या उठतात आणि चावतात. आणि झाड पाडलं, तर वरचा मजलाच माशीसकट खाली येतो. फ्रेंच गयानात या रोगाला ‘पियां बुआ’ म्हणतात आणि तो होतो तो सोनं शोधणाऱ्यांना, रस्ते खोदणाऱ्यांना, जंगलात सराव करणाऱ्या सैनिकांना. या सगळ्याला एक अपवादही आहे. ब्राझीलमधल्या काराझास डोंगरांत, जिथे लोहखनिजाच्या प्रचंड खाणी आहेत, सायकोडोपायगस वेलकमी नावाची माशी भरदिवसाही माणसाला चावते. वाळूमाशी फक्त तिन्हीसांजेनंतर चावते या नियमावर विसंबून राहू नये, एवढंच यातून घ्यायचं.

वेलकमीने वाहिलेला परजीवी लेशमॅनिया ब्राझिलिएन्सिस हा या कुटुंबातला सगळ्यात त्रासदायक. १९११ मध्ये रिओच्या ओस्वाल्दो क्रूझ संस्थेतल्या गास्पार व्हियाना यांनी त्याला नाव दिलं. त्याने केलेला कातडीचा व्रण बरा होतो आणि माणूस विसरून जातो. काहींच्या बाबतीत मात्र काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, नाक चोंदायला लागतं, नाकातून रक्त येतं आणि आतला पडदा, मग टाळू, मग ओठ झिजत जातात. लॅटिन अमेरिकेत याला एस्पुंदिया म्हणतात. पेरूतल्या प्राचीन मोचे संस्कृतीच्या मातीच्या भांड्यांवर नाक-ओठ नसलेले चेहरे आहेत आणि त्यांतले काही या रोगाचे असावेत असं अनेक अभ्यासक मानतात. यातही एक अजब गुंता आहे. लेशमॅनियाच्या काही वाणांच्या आत एक विषाणू राहतो, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या संशोधनात दिसलं की विषाणू असलेल्या परजीवीने जास्त दाह होतो आणि रोग पसरतो. माशीत परजीवी, परजीवीत विषाणू.

इथे कोणालाही सुचेल की जंगल तोडून टाकलं तर प्रश्न मिटेल. स्लॉथ नाही, उंदीर नाही, पाचोळा नाही, माशी नाही. गावाभोवती रुंद पट्टा साफ केला तर पानोऱ्यातली माशी घरापर्यंत येत नाही, हे काही काळ खरंही असतं. पण जंगल असं एका रेषेवर संपत नाही. ब्राझीलमधल्या मानौस शहराजवळ १९८० च्या सुमारास संशोधकांनी विस्कटलेल्या जंगलात प्राणी तपासले. स्लॉथ विरळ झाले होते आणि त्यांची जागा ओपॉसमने घेतली होती. हा मांजराएवढा, पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी माणसाच्या शेजारी मजेत राहतो, कचऱ्यावरही जगतो. त्याच्या अंगात तोच लेशमॅनिया गयानेन्सिस निघाला. म्हणजे झाडं गेली, स्लॉथ गेला, आणि परजीवी जंगलाच्या कडेला, घरांच्या जवळ आला.

माश्यांचंही तसंच. बहुतेक जाती जंगल गेलं की संपतात, पण काहींना कोंबड्यांची खुराडी, केळीच्या बागा, कॉफीचे मळे मानवतात. लुत्झोमिया लाँगिपाल्पिस ही त्यांतली सगळ्यात यशस्वी. ब्राझीलमध्ये ती काळ्या आजाराच्या प्रकारचा, म्हणजे प्लीहा-यकृतापर्यंत जाणारा जीवघेणा रोग वाहते आणि तिथे परजीवीचा साठा कुत्र्यांमध्ये असतो. १९८० च्या दशकात तेरेझिना शहरात मोठी साथ आली आणि ‘हा रानातला, खेड्यातला रोग’ हा समज मोडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार लेशमॅनियासिसचे सगळे प्रकार धरून जगात दरवर्षी ७ ते १० लाख नवे रुग्ण होतात.

आपल्याकडच्या काळ्या आजाराची गोष्ट याच्या अगदी उलट आहे, म्हणून ती शेजारी ठेवून बघावी. बिहारमध्ये या रोगात रानटी प्राण्याचं काम नाही. रोगी माणसाकडून माशी, माशीकडून दुसरा माणूस, असा सरळ व्यवहार. माशीही घरगुती: मातीच्या भिंती, लागून गोठा, ओलसर जमीन हे तिचं जग. रक्त पिऊन ती भिंतीवरच बसते. म्हणून भिंतींवर कीटकनाशक मारलं की ती मरते, आणि रुग्णावर उपचार केले की परजीवीचा साठाही आटतो. फवारणी बरीच वर्षं भिंतीच्या सहा फुटांपर्यंतच करायचे, कारण ही टुणटुण उडणारी माशी त्यावर फारशी जात नाही असं गृहीत होतं. १९५० च्या दशकात मलेरियासाठी डीडीटी मारलं, त्यात काळा आजारही जवळपास नाहीसा झाला. फवारणी थांबली आणि १९७० च्या दशकात तो परत आला. आता पुन्हा तो खूप खाली आला आहे. २०२३ मध्ये बांगलादेश हा काळा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवणारा जगातला पहिला देश ठरला.

ॲमेझॉनमध्ये यातलं काही लागू होत नाही. फवारायचं कुठे? भिंतच नाही. उपचार कोणावर? परजीवीचा साठा स्लॉथमध्ये आणि उंदरांत आहे, त्यांना इंजेक्शन कोण देणार? चिकलेरो पूर्ण बरा झाला तरी जंगलातल्या परजीवीला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणून तिथे ‘निर्मूलन’ हा शब्द मी तरी वापरणार नाही. माणसाने स्वतःला जपायचं आणि झालं तर लवकर ओळखायचं, एवढंच शक्य आहे. पूर्ण बाह्या, अंगाला डीट हे कीटक दूर ठेवणारं रसायन असलेलं मलम, आणि कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक. कोलंबियाच्या सैनिकांवर १९९० च्या दशकात झालेल्या चाचणीत साध्या गणवेशातल्यांपैकी १२ टक्क्यांना रोग झाला, पर्मेथ्रिन लावलेल्या गणवेशातल्यांपैकी ३ टक्क्यांना. मच्छरदाणी घेतलीत तर जाळी बघून घ्या; नेहमीच्या जाळीतून ही माशी सहज आत येते. अगदी बारीक जाळीची किंवा औषध लावलेली हवी.

भारतात जंगलातला लेशमॅनियासिस अगदीच नाही असं नाही. केरळात अगस्त्यमलाईच्या रांगांमध्ये राहणाऱ्या काणी आदिवासींमध्ये कातडीवरचे व्रण आढळले आहेत आणि तपासणीत निघाला तो लेशमॅनिया डोनोव्हानी, म्हणजे बिहारात प्लीहेत जाऊन जीव घेणाराच परजीवी, इथे कातडीपुरता थांबलेला. शेजारी श्रीलंकेतही असंच दिसतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला वाळूमाशी माहीत असते ती मात्र वेगळ्याच कारणाने. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, एक नवा विषाणू वेगळा केला. तो चांदीपुरा विषाणू. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत मुलांमध्ये त्याच्या साथी आल्या. ताप, झटके आणि एक-दोन दिवसांत मृत्यू इतकी वेगवान. हा लेशमॅनिया नव्हे. पण वाहक म्हणून बोट दाखवलं जातं ते वाळूमाशीकडेच, आणि इथली माशी बिहारातल्यासारखी घराच्या आसपासची, भेगांत आणि गोठ्यांत राहणारी. म्हणून भेगा लिंपणं, गोठा घरापासून दूर आणि कोरडा ठेवणं, भिंतींवर फवारणी हे उपाय इथे कामाचे आहेत. आरोग्य खात्याच्या पत्रकात ते येतात तेव्हा कंटाळवाणे वाटतात, पण बिहारचा अनुभव त्यांच्या बाजूने आहे.

शेवटी ॲमेझॉन, पेरू, बोलिव्हिया, कोस्टा रिका, पनामा अशा ठिकाणी फिरायला किंवा कामाला जाऊन आलेल्यांसाठी. परतल्यावर काही आठवड्यांनी, अगदी काही महिन्यांनीही, उघड्या राहणाऱ्या जागी एक न दुखणारा फोड आला, प्रतिजैविकांनी हलला नाही आणि कडा उंचावत गेल्या, तर त्वचारोगतज्ज्ञाला प्रवासाबद्दल आपणहून सांगा. नुसतं ‘साउथ अमेरिकेला गेलो होतो’ पुरत नाही, देश आणि शक्य तर जंगल कोणतं तेही सांगा. कारण व्रणाच्या कडेचा नमुना घेऊन परजीवी आहे हे कळतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या जाती सारख्या दिसतात. जात ठरवायला डीएनए तपासणी लागते. आणि औषध जातीप्रमाणे बदलतं. मेक्सिकानाचा लहान व्रण कानावर नसेल तर नुसता लक्ष ठेवून बरा होऊ शकतो किंवा जागेवरच शेक देऊन. गयानेन्सिसवर फ्रेंच गयानात पेंटामिडिन वापरत आले आहेत. ब्राझिलिएन्सिस असेल तर अँटिमनीची इंजेक्शनं किंवा मिल्टेफोसिनच्या गोळ्यांसारखे पूर्ण शरीरात जाणारे उपचार घ्यावे लागतात, आणि जखम भरल्यानंतरही नाकावर लक्ष ठेवावं लागतं: सतत चोंदणं, खपल्या, विनाकारण रक्त. असं काही झालं तर पाच वर्षांपूर्वीच्या त्या जुन्या वणाची गोष्ट कान-नाक-घशाच्या डॉक्टरलाही सांगायची.